एजंटसाठी डिझाइन टूल्सचे डॉक्युमेंटेशन लिहिताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्यात आपले फ्लेक्स आणि साइन बोर्डांचे दुकान आहे, शिवाय सीएनसी राउटरवर (संगणकाच्या फाइलवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) अ‍ॅक्रिलिक व एसीपी (अॅल्युमिनियमचे थर असलेली शीट) यांची अक्षरे कापली जातात. पुतण्याने इंकस्केप (रेखाचित्रांचे सॉफ्टवेअर) आणि फ्रीकॅड (त्रिमितीय डिझाइनचे सॉफ्टवेअर) यांच्यावर एमसीपी सर्व्हर, म्हणजे एआयला सॉफ्टवेअरशी जोडणारा दुवा, बसवून दिल्यामुळे एआय एजंट आता ही सॉफ्टवेअर स्वतः चालवतो. त्याला दोन्हींची मॅन्युअले जशीच्या तशी दिली, तरीही दहा बाय चारचा बोर्ड कधी भलत्याच मापाचा निघतो, कधी मराठी मजकूर बिघडतो, आणि ‘काम पूर्ण झाले’ असे उत्तर येऊनही फाइल कोरी निघते. तेव्हा एजंटसाठी डॉक्युमेंटेशन नेमके कसे लिहावे, असे आपण विचारले आहे.

जळगावच्या एमआयडीसीत मी वीस वर्षे मोल्ड आणि साइनेजच्या डिझाइनचे काम केले आहे आणि अलीकडे त्यातला बराचसा वेळ अशी वर्णने लिहिण्यात जातो. तिन्ही तक्रारी मी स्वतः भोगलेल्या आहेत आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. मॅन्युअल हे समोर स्क्रीन असलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. ‘या मेनूत जाऊन अमुक पर्याय निवडा’ हे वाक्य वाचत असतानाच माणूस रुलर मिलिमीटरमध्ये आहे की पिक्सेलमध्ये, कोणता लेयर चालू आहे, काय सिलेक्ट झाले आहे, हे सहज पाहून घेतो. लिहिणाऱ्याने ते सांगितलेले नसते, कारण सांगण्याची गरजच नसते. एजंटच्या वाट्याला यातले जवळजवळ काहीच येत नाही. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या एमसीपी या प्रोटोकॉलमध्ये टूल (एजंटला बोलावता येणारे एकेक काम) एजंटपुढे येते ते मुख्यतः नाव, शब्दांतले वर्णन आणि पॅरामीटरचा (टूलला द्यायच्या माहितीचा) जेसन स्कीमा, म्हणजे ठरलेला साचा, एवढ्याच रूपात, आणि टूल चालवल्यानंतर जे उत्तर परत येते ते चौथे. स्क्रीनशॉट देता येतो हे खरे, परंतु चित्राकडे पाहून माप मिलिमीटरच्या अचूकतेने ठरवता येत नाही. रात्री अकरा वाजता आपण घरी आहोत, ऑपरेटर दुकानात आहे आणि त्याला फोनवरून फाइल करायला सांगायची आहे, अशा वेळी आपण जे जे बोलून दाखवतो, ते ते टूलच्या वर्णनात असायला हवे. मॅन्युअलमध्ये नेमके तेच नसते.

सर्वांत आधी मापाचे घेतो, कारण पैसा तिथेच वाया जातो. गिऱ्हाईक ‘दहा बाय चार’ म्हणते तेव्हा ते फूट असतात आणि बहुतेक दुकानांत रुंदी आधी सांगण्याचा रिवाज असतो, हे आपल्याला माहीत आहे. एजंटला ते कोणी सांगितलेले नाही. त्यातच एसव्हीजी (इंकस्केपच्या रेखाचित्राच्या) फाइलमध्ये नुसता आकडा लिहिला तर तो पिक्सेल समजला जातो, आणि इंचाला किती पिक्सेल हा आकडाही कायम राहिलेला नाही. इंकस्केपमध्ये तो पूर्वी ९० होता, २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून तो ९६ झाला. जुन्या हिशेबाने ३०० मिलिमीटरची काढलेली पट्टी नव्या हिशेबाने वाचली की २८१.२५ मिलिमीटरची होते. हा फरक डोळ्यांना चटकन जाणवत नाही, म्हणूनच तो घातक आहे. दहापट चूक कोणालाही दिसते, सव्वासहा टक्क्यांची चूक बोर्ड फ्रेमवर चढवताना कळते. डीएक्सएफ (कॅड रेखाचित्राच्या) फाइलचे वेगळेच असते. तिच्या हेडरमध्ये एककाचा एक आकडा असतो, १ म्हणजे इंच आणि ४ म्हणजे मिलिमीटर, पण तो ० असला तर एकक ठरवलेलेच नाही असा अर्थ होतो, आणि आर-१२ सारख्या जुन्या स्वरूपात तर ती नोंदच नसते. एसटीएल (त्रिमितीय आकाराच्या) फाइलमध्येही एकक नसते.

यावरचा उपाय म्हणजे वर्णनात ‘माप मिलिमीटरमध्ये द्यावे’ असे वाक्य घालून थांबू नये, तर पॅरामीटरच्या नावातच एकक घालावे. ‘विड्थ’ ऐवजी ‘विड्थ_एमएम’ असे नाव ठेवले की एजंटला प्रत्येक वेळी ते नाव लिहावेच लागते आणि लिहिताना एकक समोर येते. वर्णनातले वाक्य लांबच्या कामात मागे पडू शकते, पॅरामीटरचे नाव मागे पडत नाही. त्याच्या जोडीला फुटांचे रूपांतर लिहून द्यावे: १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, म्हणून दहा बाय चार म्हणजे ३०४८ बाय १२१९.२. मात्र इथे एक मेख आहे. एसीपीच्या शीटला आपण सगळे ‘आठ बाय चार’ म्हणतो, पण बाजारात मिळणारी शीट २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. हिशेबाने आठ फूट म्हणजे २४३८.४ होतात. फ्लेक्ससाठी ‘बाय’ म्हणजे खरे फूट आणि शीटसाठी ‘बाय’ म्हणजे बाजारातले नाव, हा भेद दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असतो आणि कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडत नाही. तो आपणच लिहायचा.

पुढेमागे मोठे बोर्ड इलस्ट्रेटरमध्ये करण्याचा विचार असेल तर स्केलही लिहावे लागेल. त्याचा नेहमीचा कॅनव्हास सुमारे २२७ इंचांचा, म्हणजे एकोणीस फुटांच्याही आतला आहे. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी वीस फुटी बोर्ड आला की तो एकास दहा या प्रमाणात करावा लागतो, आणि मग फाइलमधले २४ इंच म्हणजे प्रत्यक्षातले २४० इंच, हे एजंटला आणि प्रिंटिंगवाल्याला दोघांनाही कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट आरंभबिंदूची. एसव्हीजीमध्ये शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि वाय अक्ष खाली वाढत जातो; पीडीएफमध्ये शून्य डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि वाय अक्ष वर; राउटरच्या टेबलावरही सर्वसाधारणपणे शून्य डावीकडे खालीच धरतात. इंकस्केपच्या स्क्रीनवरही मे २०२० च्या १.० आवृत्तीपर्यंत वाय अक्ष वरच्या दिशेने वाढत होता, त्यानंतर तो एसव्हीजीप्रमाणे खालच्या दिशेने धरला जाऊ लागला. इंटरनेटवर दोन्ही काळांतली उदाहरणे मिसळलेली आहेत आणि एजंटमागच्या एआय मॉडेलने दोन्ही वाचलेली आहेत. आपली फाइल कोरी का निघते याचे उत्तर बहुधा इथेच सापडेल. एजंट वाय अक्ष वर आहे असे समजून मजकूर उणे बाजूला ठेवतो, मजकूर पानाच्या बाहेर जातो, एक्स्पोर्ट फक्त पानाचा होतो, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काहीही चुकलेले नसल्यामुळे ‘पूर्ण झाले’ असे उत्तर येते.

आमच्याकडे याच कारणाने एकदा अ‍ॅक्रिलिकची एक अख्खी शीट भंगारात गेली. एसव्हीजीतले बिंदू न उलटवता तसेच राउटरच्या प्रोग्रामला दिले गेले, त्यामुळे अक्षरे आरशातल्यासारखी कापली गेली. ‘ट’ आणि ‘ठ’ पाहून लगेच संशय येत नाही. मशीनवरचा मुलगा अमळनेरकडचा, त्याने ‘क’ पाहिला आणि मला फोन केला: ‘भाऊ, हाऊ बोर्ड सुलटा का उलटा?’ तोपर्यंत बरेच कापून झाले होते. चूक टूलची नव्हती, माझीच होती, कारण वर्णनात मी ‘एसव्हीजीवरून कटिंगचा मार्ग तयार करते’ एवढेच एक वाक्य लिहिले होते. आज तेच वर्णन असे आहे: ‘एसव्हीजीतील बंद आकारांपासून राउटरचा कटिंग मार्ग तयार करते. इनपुटमध्ये शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली धरला आहे. आउटपुटमध्ये शून्य शीटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि वाय वर असतो. उलटवण्याचे काम हे टूल स्वतः करते, म्हणून फाइल आधी उलटवून देऊ नये. उघडे मार्ग वगळले जातात आणि त्यांची यादी उत्तरात येते. टूल मशीन सुरू करत नाही, फक्त फाइल लिहिते. उत्तरात आकारांची संख्या, एकूण रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये, आणि तपासणीसाठी एका चित्राचा पत्ता मिळतो.’ यातले सर्वांत उपयोगी वाक्य मला विचाराल तर ‘आधी उलटवून देऊ नये’ हे आहे. ते नव्हते तेव्हा एजंट कधी कधी शहाणपणा करून स्वतःच फाइल उलटवून देई आणि मग टूल ती पुन्हा उलटवी.

कोनांबद्दल दोनच शब्द. फ्रीकॅड आणि ओपनएससीएडीमध्ये कोन अंशांत द्यायचा असतो, ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या पायथन कोडमध्ये मात्र रेडियनमध्ये, स्क्रीनवर अंश दिसत असले तरी. शिवाय एसव्हीजीत वाय अक्ष खाली असल्यामुळे धन कोन घड्याळाच्या दिशेने फिरतो. हे सगळे नावातच ‘अँगल_डिग्री_क्लॉकवाइज’ असे लिहून संपवता येते. नाव लांब झाले म्हणून काही बिघडत नाही.

आता मराठी मजकुराचे, आणि इथे कोणतेही परदेशी मॅन्युअल आपल्या मदतीला येणार नाही. आपल्या जुन्या फायलींत श्रीलिपी किंवा शिवाजी अशा नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर असणारच. त्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर ‘शेतकरी’ दिसत असले तरी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. माणूस स्क्रीन पाहतो म्हणून त्याला मराठी दिसते. एजंट फाइलमधला मजकूर वाचतो म्हणून त्याला कचरा दिसतो, आणि तो मनापासून मदत करण्याच्या हेतूने तो कचरा ‘दुरुस्त’ करतो. मजकूर बिघडण्याची आपली तक्रार मला याच जातीची वाटते. मजकूर वाचणाऱ्या टूलने फॉन्टचे नाव पाहून प्रत्येक ओळीबरोबर ‘युनिकोड’ किंवा ‘जुना फॉन्ट’ अशी खूण परत द्यावी, आणि वर्णनात स्पष्ट लिहावे की जुन्या फॉन्टच्या ओळीचा अर्थ लावू नये, तिच्यात बदल करू नये, बदल हवा असेल तर माणसाला विचारून ती ओळ युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्यावी. तसेच कर्व्हमध्ये (नुसत्या रेषांच्या आकारांत) बदललेला मजकूर हा मजकूर राहत नाही, त्यामुळे शोधणाऱ्या टूलला तो सापडणार नाही, हेही लिहावे. नाहीतर एजंट ‘फाइलमध्ये मजकूर नाही’ असे गृहीत धरून त्यावरच दुसरा मजकूर ठेवून मोकळा होतो.

युनिकोड मजकूरही पूर्ण निर्धोक नाही. खानदेशातल्या प्रत्येक दुसऱ्या फ्लेक्सवर असणारा ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्दच घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. दोन्ही छापून सारखेच दिसतात, पण ‘शोधा आणि बदला’ करणाऱ्या टूलसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची पद्धत) केले तरी ते एकरूप होत नाहीत. आमच्याकडे केळी उत्पादकांच्या मेळाव्याच्या बारा बोर्डांवरचा मजकूर एकदम बदलायचा होता. सात बदलले, पाच तसेच राहिले आणि एजंटने ‘सात ठिकाणी बदल केला’ असे अगदी प्रामाणिकपणे कळवले. बारा अपेक्षित आहेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून ते टूल आधी दोन्ही रूपे एक करून घेते, तसे वर्णनात लिहिले आहे, आणि अपेक्षित संख्या हा पॅरामीटर सक्तीचा केला आहे.

फ्रीकॅडकडे वळतो. तिथे बाजूंना ‘फेस६’ अशी नावे आपोआप मिळतात आणि त्या त्रिमितीय आकृतीत आधीची एखादी पायरी बदलली की तेच नाव दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत यावर बरेच काम झाले आहे, तरी एजंटसाठी लिहिताना मी एकच नियम ठेवतो: बाजूचे नाव पुढच्या कॉलसाठी (टूल पुन्हा बोलावताना) जपून ठेवू नये, प्रत्येक बदलानंतर ‘सर्वांत वरची सपाट बाजू’ अशा वर्णनाने ती पुन्हा विचारून घ्यावी. अर्थात त्यासाठी तसे विचारता येईल असे टूल हवे. डॉक्युमेंटेशन लिहायला बसल्यावरच टूल अपुरे आहे हे कळते, आणि मग वर्णनात चार वाक्यांची सावधगिरी लिहिण्यापेक्षा टूलच बदलणे स्वस्त पडते. ‘जे सिलेक्ट केले आहे त्याला रंग दे’ या टूलचेही तसेच. सिलेक्शन ही स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाची सोय आहे. एजंटसाठी त्या टूलने वस्तूचा आयडी मागावा, म्हणजे ‘आधी अमुक सिलेक्ट झालेले असले पाहिजे’ हे लिहिण्याची वेळच येणार नाही.

एक बाजू बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे एआय मॉडेलच्या आठवणीशी होणारी झुंज. एजंट कोरी पाटी नसतो. इंकस्केपच्या कमांडचे जुने रूप, म्हणजे ०.९२ च्या काळातले ‘एक्स्पोर्ट-पीएनजी’ किंवा ‘व्हर्ब’ (मेनूतली कृती चालवणारी कमांड), त्याने हजारो ठिकाणी वाचलेले असते, त्यामुळे आपण काही सांगितले नाही तर तो तेच लिहितो. १.० मध्ये एक्स्पोर्टसाठी ‘एक्स्पोर्ट-फाइलनेम’ आले आणि पुढे व्हर्ब काढून टाकून त्यांच्या जागी ‘अ‍ॅक्शन’ आल्या. म्हणून वर्णनाच्या पहिल्याच ओळीत सॉफ्टवेअरची आवृत्ती द्यावी आणि जुनी कोणती कमांड आता चालत नाही, तिच्या जागी काय वापरायचे, हे नावानिशी लिहावे. माणसाच्या मॅन्युअलमध्ये बंद पडलेल्या गोष्टींची आठवण काढणे फापटपसारा वाटतो. इथे तो भाग सर्वांत जास्त कामाला येतो.

चूक झाल्यावर येणारा संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग समजावा, किंबहुना एजंट तो सर्वांत लक्षपूर्वक वाचतो, कारण तो नेमका अडलेल्या क्षणी येतो. ‘ऑपरेशन अयशस्वी’ असा संदेश आला तर एजंट तीच कमांड थोड्या फरकाने पाचदा चालवून पाहील. ‘विड्थ_एमएम १० मिळाली, फ्लेक्ससाठी किमान ३०० लागते, आकडा फुटांत असेल तर ३०४.८ ने गुणावे’ असा संदेश आला तर तो पुढच्याच कॉलमध्ये सावरतो. यशाचा संदेशही असाच बोलका हवा. फाइल तयार झाली एवढे सांगून भागत नाही. पानाचे माप, पानावर प्रत्यक्ष किती वस्तू आहेत आणि पानाबाहेर किती राहिल्या, हे उत्तरात आले पाहिजे. ‘पानावर ०, पानाबाहेर १४’ असे उत्तर वाचल्यावर कोणताही एजंट ‘काम पूर्ण झाले’ म्हणणार नाही.

एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारे आहे की काही पुसणारे, अशा खुणा जोडता येतात. त्या जरूर द्याव्यात, पण त्या सूचना आहेत, कुलूप नव्हे. मूळ फाइलवर लिहिणारे टूल ठेवूच नये, नेहमी नव्या नावाने प्रत करावी, आणि राउटर किंवा प्रिंटर सुरू करणारे टूल तर एजंटच्या यादीत असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बटण मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाचे आहे. याबाबत माझ्याशी मतभेद असणारे मित्र आहेत. त्यांच्याकडे अ‍ॅक्रिलिक बहुधा फुकट येत असावे.

वर्णनाची लांबी किती असावी, याला ठराविक उत्तर नाही. सगळी मॅन्युअले एकदम देणे मात्र थांबवावे, कारण त्या गर्दीत आपल्या दुकानाच्या चार महत्त्वाच्या ओळी हरवतात. टूल्सची संख्या कमी ठेवावी, आणि दोन टूल्स एकमेकांसारखी असतील तर प्रत्येकाच्या वर्णनात दुसरे केव्हा वापरायचे ते लिहावे. भाषेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: नावे आणि वर्णने इंग्रजीत राहिली तरी हरकत नाही, पण दुकानातल्या शब्दांची एक यादी मराठीत स्वतंत्र द्यावी, कारण गिऱ्हाइकाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप मराठीतच येतो. आयलेट म्हणजे काय आणि ती काठापासून किती आत मारतात, पाइप घालण्यासाठी पॉकेट ठेवायचे तर वर-खाली किती जागा सोडतात, ‘आडवा बोर्ड’ म्हणजे रुंदी उंचीपेक्षा जास्त, सनबोर्ड आणि व्हिनाइल यांत कशावर काय छापतात, हे सगळे आपल्या दुकानातल्या आकड्यांसह लिहावे. हे आकडे माझ्याकडून घेऊ नयेत, दुकानागणिक ते बदलतात.

तपासणी वाचून होत नाही. आपल्या जुन्या जॉब कार्डांतून पंधरा-वीस कामे काढावीत, त्यांत कानबाईच्या उत्सवाचा साधा बॅनर असावा तशी एसीपीवरची कटिंगची अक्षरेही असावीत, आणि एजंटला फक्त नवी वर्णने व गिऱ्हाइकाचा मूळ निरोप देऊन ती करू द्यावीत. जिथे तो चुकेल तिथे त्याने कोणते टूल कोणत्या आकड्यांसह बोलावले याची नोंद पाहावी. त्याला चॅटमध्ये ‘असे करू नकोस’ असे समजावत बसू नये. ती समजूत त्या संभाषणापुरतीच टिकते. चूक ज्या वाक्याच्या अभावी झाली ते वाक्य वर्णनात घालावे आणि सगळी कामे पुन्हा चालवावीत, कारण नवे वाक्य कधी कधी दुसरीकडे बिघाड करते. इंकस्केप किंवा फ्रीकॅड अपडेट केल्यावरही हीच कामे पुन्हा चालवावीत. वर्णने कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवावीत, म्हणजे पुतण्याने एखादा पॅरामीटर बदलला की शेजारची ओळही त्याच बैठकीत बदलली जाईल.

सुरुवात सगळ्या टूल्सपासून करू नये. पान तयार करणारे टूल आणि एक्स्पोर्ट करणारे टूल, ही दोनच आधी घ्यावीत. पहिल्याच्या पॅरामीटरची नावे एककासह बदलावीत, दुसऱ्याच्या उत्तरात पानावरच्या आणि पानाबाहेरच्या वस्तूंची संख्या घालावी, आणि दहा बाय चारचा तोच बोर्ड पुन्हा करायला सांगावा. उत्तरात ३०४८ बाय १२१९.२ आणि पानाबाहेर ० असे आले, तर मजकुराच्या टूलकडे वळावे.